कांदा चालेल का, सर?

वाशीच्या एपीएमसीतल्या कांदा-बटाटा मार्केटचा गाळेवाला ओळखायचा तर त्याला गाळ्यावर बघून उपयोग नाही. तिथे सगळेच सारखे दिसतात. कानाला फोन, समोर अर्धा कटिंग, बाजूला गोण्यांची थप्पी. त्याला गाठावं परगावच्या उंची शाकाहारी हॉटेलात, सहकुटुंब.

हा गृहस्थ सहलीला जात नाही. मालाच्या मागावर जातो आणि घरच्यांना वाटेत काहीतरी दाखवतो. जायचं असतं आग्र्याचा बटाटा बघायला. ताजमहाल आपला तिथेच असतो. आधी कोल्ड स्टोरेज, मग ताज, आणि रात्री वहिनींच्या हट्टापायी मंद उजेडाचं, दारात वाकून नमस्कार करणारं हॉटेल.

बसल्या बसल्या वेटर मांडीवर कापडी रुमाल पसरतो. पहिला घोटाळा इथेच. वाशीच्या फळबाजारात रुमालाखाली बोटं दाबून भाव ठरवायची जुनी रीत आहे. रुमाल दिसला की याचा उजवा हात आपसूक खाली जातो. वेटरने हात पुढे केला असता तर पनीर टिक्का निम्म्या भावात ठरला असता.

“सर, कांदा-लसूण चालेल? की जैन?”

“बाळा, आमचं त्याच्यावरच चालतंय!”

खोटं नाही. १९८१ साली कांदा-बटाट्याचा बाजार मुंबईतून तुर्भ्याला आला. वडिलांनी गाळा घेतला, आणि तेव्हापासून घरात आलेला रुपया कांद्याचा, बटाट्याचा नाहीतर लसणाचा. जैन ताटाला जे जे वर्ज्य, ते ते याच्या गाळ्यावर हजर. त्यातून याचा जिवलग शेजारी स्वतः जैन. दिवसभर कांदा विकतो, जिभेला लावत नाही. हा त्याला मार्केटमधला एकमेव निर्व्यसनी माणूस म्हणतो.

मेनूकार्ड तो उजवीकडून वाचतो. आधी आकडा, मग पदार्थ. ब्रोकोली, झुकिनी वगैरे इंग्लिश भाज्यांवर तो बोलत नाही. ते दुसऱ्या मार्केटचं खातं. पण दम आलूपाशी बोट थांबतं. “चार बटाटे. एवढ्यात अर्धी गोणी येते.” वहिनी टेबलाखालून पाय दाबतात. त्यांचा निम्मा संसार टेबलाखालून पाय दाबण्यात गेला.

तेवढ्यात व्हिनेगरमधले इवलेसे गुलाबी कांदे येतात, पितळी वाटीत, वर पुदिन्याचं पान. तो एक उचलतो, दिव्यापाशी धरतो, अंगठ्याने मान दाबून बघतो, वास घेतो.

“गोल्टी!”

शेजारच्या टेबलावरची मंडळी वळून बघतात. गोल्टी म्हणजे प्रतवारीत मागे पडलेला बारका कांदा. लिलावात हिला बोली लावताना व्यापारी तोंड वाकडं करतो. ती इथे पितळेत बसलेली बघून याला गहिवरून येतं. गावाकडची काळीसावळी पोर सिनेमात झळकावी तसा तो तिच्याकडे बघत राहतो. मग म्हणतो, “१९९८ साली दिल्लीचं सरकार घालवलं हिच्या खानदानाने. आणि इथे फुकट वाढतात!”

कांद्यासाठी ‘फुकट’ हा शब्द दुसऱ्या कोणी वापरलेला त्याला चालत नाही, स्वतः मात्र वापरतो. वेटर बिचारा आणखी एक वाटी आणतो. मग मॅनेजरला बोलावणं जातं. तक्रार नसते, चौकशी असते: कांदा कुठून घेता, डबल पत्तीचा का घेत नाही, साठवता कसा? गुलाबजाम येईस्तोवर मॅनेजरचा नंबर याच्या फोनमध्ये आणि याचं कार्ड मॅनेजरच्या खिशात. जेवण कसं होतं, हे विचारायचं-सांगायचं दोघांचंही राहून जातं.

बिल आलं की चष्मा. “कच्च्या कांद्याला जीएसटी नाही. चिरून बशीत ठेवला की पाच टक्के! सुरीची कमाई बघा.” पुढची ओळ सर्व्हिस चार्जची. मुलगा कुजबुजतो, “पप्पा, हा ऐच्छिक असतो, काढायला सांगा.” हा मान हलवतो. “ही अडत आहे, दलाली. २०१६ पासून शेतकऱ्याकडून घ्यायची नाही, खरेदीदाराकडून घ्यायची. आज खरेदीदार कोण? आपण. भरायची.” ज्या नियमाला त्याने तेव्हा मार्केटमध्ये बसून लाखोली वाहिली, तोच आज मुलाला शिकवतो.

निघताना वेटरच्या हातात वेगळी नोट जाते, मुठीत मूठ, कोणाला दिसू न देता. मुलगा विचारतो, आता ही कशाची? “हमाली. १९६९ च्या माथाडी कायद्याने आपल्याकडे बोर्डात भरतात. इथे बोर्ड नाही, म्हणून हातात.” दम आलूच्या चार बटाट्यांवरून तासभर कुरकुरणारा माणूस ही रक्कम मोजतसुद्धा नाही. वहिनींच्या मते त्याचा तेवढा एकच खर्च शहाणपणाचा. माझंही मत तेच.

तेव्हा अशा गाळेवाल्याने कधी जेवायला बोलावलं तर बेलाशक जा. बिल तोच भरेल, तुम्हाला हात लावू देणार नाही. फक्त निघण्याआधी मार्केटला फोन करून कांद्याचा त्या दिवशीचा भाव विचारून घ्या. पडलेला असला तर घरीच पिठलं टाका.