सदरमधला उडता नवरदेव

भाच्याच्या लग्नाचा व्हिडिओ पेनड्राइव्हवर आला तो मे महिन्यात. नागपूरच्या सदर भागातल्या घरी ताई, भाऊजी आणि बिनबोलावलेले शेजारी टीव्हीसमोर बसले होते. लॅपटॉप टीव्हीला जोडण्याचा मान अर्थात माझा, कारण घरात कॉम्प्युटरमधलं मलाच कळतं, अशी मी आवई उठवलेली होती.

अंतरपाट दिसला आणि पुढच्या क्षणी नवरदेवाच्या गळ्यात हार! मधलं सगळं गायब. मंगलाष्टकं मात्र ताला-सुरात चालू.

"अहो, काय करून राहिले तुम्ही?" बायको म्हणाली.

"नेट स्लो आहे," असं म्हणून मी फोनवरूनच महागडा प्लॅन घेतला. फाइल तर पेनड्राइव्हवर आहे, हे सातवीतल्या पुतणीने सर्वांसमक्ष सांगितलं. मग रेसिडेन्सी रोडवर जाऊन सोनेरी टोकांची एचडीएमआय केबल आणली. त्यानंतर नवरदेव सोनेरी केबलमधून उड्या मारू लागला.

लिबर्टी, स्मृतीत सिनेमे पाहत मोठा झालेला माणूस मी. टॉकीजात रीळ तुटलं की ऑपरेटर तुटका तुकडा कापून जोड द्यायचा, तेवढी चित्रं कायमची जायची आणि पब्लिक शिट्ट्या मारायचं. इथे काहीच तुटलं नव्हतं, शिट्टी मात्र भाऊजींनी मारलीच.

शेवटी पुतणीने व्हीएलसी प्लेअरच्या 'टूल्स'मधून 'मीडिया इन्फर्मेशन' उघडलं. तिथे 'स्टॅटिस्टिक्स'खाली 'लॉस्ट'समोरचा आकडा पेट्रोल पंपाच्या मीटरसारखा पळत होता. सेकंदाला २५ चित्रं म्हणजे प्रत्येकाला ४० मिलिसेकंद. तेवढ्यात चित्र तयार झालं नाही, तर प्लेअर ते सोडून देतो आणि आवाजाला धरून पुढे जातो. म्हणून भटजी थांबत नव्हते.

व्हिडिओ फोर-के, म्हणजे एका चित्रात सुमारे ८३ लाख ठिपके. वरून एचईव्हीसी पद्धतीने आवळलेला, १० बिट. आमच्या जुन्या लॅपटॉपच्या ग्राफिक्सला ते उलगडता येत नाही, त्यामुळे सगळा भार प्रोसेसरवर. प्रोसेसर तापला की जळू नये म्हणून आपला वेग आपणच कमी करतो. बाहेर पारा ४५ च्या घरात आणि लॅपटॉप मी ठेवला होता मखमली उशीवर, मान राखायला. खालची हवा यायची जाळी पूर्ण बंद!

उशी काढली, कूलरचा झोत वळवला (लांबूनच, पाण्याचे तुषार नकोत), तरी हार जरा उशिराने का होईना, उडीच मारत राहिला. मग रात्रभर हँडब्रेक नावाचं सॉफ्टवेअर लावून फाइल साध्या एच.२६४ मध्ये, १०८० पिक्सेलवर आणली. दुसऱ्या दिवशी अंतरपाट हळूच सरला आणि अक्षतांमध्ये डोळे मिटून जांभई देणारा मी स्पष्ट दिसलो. ताईने ते चित्र थांबवून सगळ्यांना दाखवलं.

तेव्हा विदर्भातल्या वाचकांना विनंती: केबल घेण्याआधी लॅपटॉपच्या बुडाला हात लावून पाहा. आणि लग्नाच्या फोटोग्राफरकडे फोर-केसोबत एक १०८० ची प्रतही मागून घ्या.