अळीमिळी गुपचिळी

१७ जानेवारी २०२५. टोकियोतल्या फुजी टीव्हीने पत्रकार परिषद बोलावली आणि अट घातली, की व्हिडिओ कॅमेरे आणायचे नाहीत. हलवायानेच दुकानावर ‘गोड खाऊ नका’ अशी पाटी लावावी, तसं हे झालं. एका बड्या सूत्रसंचालकाचं प्रकरण वाहिनीने कसं हाताळलं, याचा खुलासा अध्यक्ष करणार होते. आत प्रवेश ठरावीक क्लबांच्या सभासदांना. प्रकरण चव्हाट्यावर आणणारी साप्ताहिकं दाराबाहेर. चित्रवाणीच्या मालकांची बातमी चित्रवाणीवर दिसली ती स्थिर छायाचित्रांत.

मग टोयोटासारख्या कंपन्यांनी भराभर जाहिराती थांबवल्या आणि दहा दिवसांत फुजीला कंठ फुटला. २७ तारखेला दुपारी ४ ला सुरू झालेली दुसरी परिषद मध्यरात्र उलटून २ वाजून गेले तरी चालूच होती. दार सताड उघडं, कॅमेरे चालू.

पहिल्या परिषदेत ज्यांच्या सभासदांनाच प्रवेश होता, ते क्लब म्हणजे ‘किशा कुराबु’, वार्ताहरांचे क्लब. १८९० साली नव्या संसदेत शिरकाव मिळावा म्हणून वार्ताहरांनी एकी केली, तो त्यांचा जन्म. दार ठोठावणाऱ्यांची ती संघटना पुढे आतून कडी लावून बसली. मंत्रालय असो की पोलीस मुख्यालय, क्लबाला इमारतीतच खोली, खुर्ची, टेबल. कष्ट नाहीत असं नव्हे. अधिकारी घरी परतेपर्यंत रात्री त्याच्या दारात ताटकळायचं आणि पहाटे तो निघण्याआधी पुन्हा हजर व्हायचं, याला ते शूरपणे ‘रात्रीचा छापा, पहाटेची चढाई’ म्हणतात. पण खरी भीती वेगळीच. सगळ्यांकडे असलेली बातमी एकट्याकडे नसणं, याला ‘तोकुओची’ म्हणतात आणि त्यात अब्रू जाते. सगळ्यांनी मिळून बातमी गाळली, तर कुणाचीच जात नाही!

१९७४ च्या ऑक्टोबरात ‘बुंगेइ शुन्जू’ या मासिकात ताचिबाना ताकाशी यांनी पंतप्रधान तानाका काकुएइ यांच्या जमिनी आणि नावापुरत्या कंपन्यांचा हिशेब छापला. नोंदणी कार्यालयातल्या दप्तरांवरून, म्हणजे कुणीही जाऊन पाहावीत अशा कागदांवरून. राजकीय वार्ताहरांचा सूर होता, ‘यात नवीन काय, आम्हाला ठाऊकच होतं!’ ठाऊक असलेली गोष्ट वाचकांना कळवायची असते, हे बहुधा ठाऊक नसावं. तानाका २२ ऑक्टोबरला परदेशी वार्ताहरांच्या क्लबात जेवायला गेले, तिथे यजमानांनी भिडेस न पडता प्रश्न विचारले, आणि दुसऱ्या दिवशी जपानी वृत्तपत्रांना एकदम बातमी सापडली. नोव्हेंबर सरता सरता तानाकांनी राजीनामा जाहीर केला.

यावरून धडा घेतला म्हणावा, तर जॉनी कितागावा. तरुण गायक-नटांचे ताफे घडवणारा हा बडा माणूस त्यातल्या मुलांवर लैंगिक अत्याचार करतो, हे ‘शुकान बुन्शुन’ साप्ताहिकाने १९९९ मध्ये लिहिलं. कितागावाने खटला भरला. लेखांतला हा मुख्य भाग खरा असल्याचं टोकियोच्या उच्च न्यायालयाने २००३ मध्ये मान्य केलं, २००४ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही ते कायम ठेवलं. बड्या दैनिकांत चार ओळी, वाहिन्या गप्प. वाहिन्यांचे कार्यक्रम त्याच्याच मुलांवर चालत होते. दुभत्या गाईला दावणीवरून कोण सोडणार? २०१९ मध्ये तो गेला, तेव्हा श्रद्धांजल्यांना मात्र ऊत आला.

मार्च २०२३ मध्ये बीबीसीने माहितीपट दाखवला. ऑगस्टमध्ये चौकशी पथकाने अहवाल दिला आणि अत्याचार इतकी वर्षं चालण्याच्या कारणांत माध्यमांचं मौन नाव घेऊन मांडलं. सप्टेंबरात कितागावाच्या कंपनीने सारं कबूल केलं. मग वाहिन्यांनी स्वतःच्या गप्प बसण्यावर कार्यक्रम केले. तेवढं मात्र अगदी सविस्तर.

ही दैनिकं काही लहानसहान नाहीत. योमिउरीचा खप एके काळी रोज १ कोटीच्या वर होता, जगात पहिला. एवढे कागद घरोघरी पोचतात, आणि बातमी मात्र बाहेरून फिरून येते. कितागावाच्या एका माजी कलाकाराने एप्रिल २०२३ मध्ये कॅमेऱ्यांसमोर नाव सांगून आपबीती मांडली, ती कुठे? त्याच परदेशी वार्ताहरांच्या क्लबात.

तेव्हा जपान्यांना जपानची बातमी कळवायची असेल, तर पत्ता लिहून घ्या: परदेशी वार्ताहरांचा क्लब, मारुनोउची, टोकियो.