पाणीदार भाऊ

जुनी गाडी विकणारे भाऊ जव्हार-मोखाड्यात गावागणिक एक तरी सापडतात. धंदा विचारला तर शेती सांगतात. जीप म्हणजे 'घरचीच आहे हो, कोणी चांगला माणूस मिळाला तर द्यायची'. पण ही घरची जीप उन्हाळ्यात ते चुकूनही कोणाला दाखवत नाहीत. त्यांचा हंगाम आषाढ-श्रावण. लोक खाचरात आवणीला वाकलेले असतात, तेव्हा भाऊंची जीप धुऊनपुसून रस्त्याकडे तोंड करून उभी.

त्यामागे शास्त्र आहे. इंजिनाचा ब्लॉक आणि वरचं हेड यांच्यामध्ये हेड गॅस्केट नावाचा पातळ थर असतो. तेल, पाणी आणि सिलिंडरमधला पेटता वायू या तिघांना तो आपापल्या वाटेनं चालवतो. तो जळाला की तिघांची सोयरीक जमते, पाणी सिलिंडरमध्ये शिरतं आणि सायलेन्सर पांढरा धूर ओकायला लागतो. आता श्रावणातल्या जव्हारच्या धुक्यात पांढरा धूर ओळखणार कोण?

गिऱ्हाईक बहुधा आश्रमशाळेवर नव्यानं आलेले सर, मूळचे घाटावरचे. "ट्रायल घ्या ना सर," असं भाऊ स्वतःहून म्हणतात. मात्र ट्रायल विक्रमगडच्या बाजूला, घाट उतरून. खाली पोचल्यावर चहा, मग भजी, मग ओळखीच्या माणसाच्या आजारपणाची सविस्तर चौकशी. इंजिन निवल्याशिवाय भाऊंच्या ओळखी संपत नाहीत. मग रेडिएटरचं झाकण उघडून ते पाच लिटरचा कॅन त्यात रिकामा करतात. "सवय आहे आपली. गाडीला उपाशी ठेवत नाही."

डॅशबोर्डवरचा काटा तळाशी निश्चल. "बघा, गरमच होत नाही!" वायर जाग्यावर आहे का, हे विचारायचं सरांना सुचत नाही. थर्मोस्टॅट भाऊंनी केव्हाच काढून टाकलेला. "आपल्या थंड हवेला तो कशाला पाहिजे?" खरं तर इंजिनाला वेळेवर ऊब यावी म्हणूनच तो बसवलेला असतो, पण भाऊंच्या तोंडून ऐकलं की पटतं.

एखादे सर यूट्यूब बघून आलेले असतात. ते इंजिन ऑइलचं झाकण फिरवून उलटं धरतात. आत दुधाळ, चिकट साय.

"भाऊ, हे काय?"

"दमट हवा, सर. आमच्या पापडांना पण बुरशी येते."

पंचाईत अशी की दमट हवेनं झाकणाला कधीकधी खरंच अशी साय धरते. मिस्त्रीला विचारावं, तर तो बोनेटवर हात ठेवून म्हणतो, "हेड उतरवल्याशिवाय काय सांगू?" उतरवलं आणि वाकलेलं निघालं, तर ते गोणीत घालून एसटीनं ऐंशीएक किलोमीटरवर नाशिकला फेसिंगला न्यायचं. सर व्यवहार पुरा करतात. कॅन फुकट मिळतो.

दिवाळीपर्यंत ओढे साथ देतात. एप्रिल-मे आला की तोरंगणच्या घाटात सर बोनेट उघडून उभे. वैतरणेवर धरणं बांधली ती मुंबईच्या नळांसाठी. मोखाड्याच्या पाड्यांवर उन्हाळ्यात टँकर येतो. अशा दिवसांत जीपसाठी पाणी मागायला जाण्याचं धाडस करून बघा. बायका काही बोलत नाहीत, रिकामा हंडा तेवढा उलटा करून दाखवतात.

त्यातच सरांची बदली येते. भाऊंना बातमी आदल्या दिवशीच कळलेली असते. ते येतात, पण आता गिऱ्हाईक म्हणून. इंजिन ऑइलचं झाकण उघडून नाकाशी धरतात. "सर, तेल-पाणी एक झालंय हो." वरचा होजपाइप दाबून बघतात. "दगड झालाय. कॉम्प्रेशन पाण्यात येतंय." काट्याची वायर दोन बोटांत धरून सरांकडे दुखऱ्या नजरेनं बघतात. "गाडी वापरता येत नाही तुम्हा लोकांना." मग जो आकडा सांगतात, तो श्रावणातल्या आकड्याच्या निम्माही नसतो. वर दिलासाही देतात, की फॉर्म २९ आणि ३० ची कटकट नको. आरटीओ पडलं तिकडे वसई-विरारला. सरांना वर्षभरात जायला सवड कुठली? आरसीवर नाव भाऊंचंच आहे.