शाल नको, खुरपं द्या

परदेशातून सेवा करायला आलेल्या माणसाचं निम्मं नुकसान आपण पहिल्याच दिवशी करतो. शाळेच्या पटांगणात पोरं उन्हात उभी करतो. शाल, श्रीफळ, सरपंचांसोबत फोटो. बसायला खुर्ची, प्यायला बाटलीतलं पाणी. मास्तर इंग्रजीतून बोलतात, पाहुणा इंग्रजीतून उत्तर देतो. तीन आठवड्यांनी तो निघून जातो. गावाला त्याचं नाव नीट घेता येत नाही आणि त्याला गावातल्या एकाही म्हातारीचं नाव ठाऊक नसतं. याला सेवा म्हणू नये.

त्याला पाठवणारी संस्था लसी देते, विमा काढते, पाणी शुद्ध करायच्या गोळ्या देते. गावात राहायचं कसं, हे मात्र गावालाच शिकवावं लागतं. राहू बेट म्हणजे मुळा-मुठा आणि भीमेच्या मधला उसाचा पट्टा. इथे नवख्याला काय शिकावं लागतं ते बघा. अंधार पडल्यावर उसाच्या कडेने एकट्याने हिंडायचं नाही, बिबट्या असतो. वीज कधी जाते आणि कधी येते, त्यावर शेतकऱ्याची झोप ठरते, म्हणून रात्रभर पाणी धरून आलेल्या माणसाला सकाळी आठला बैठकीला बोलवायचं नाही. आंघोळ एका बादलीत उरकायची. चहा नाकारायचा नाही, ‘अर्धाच द्या’ म्हणायचं. बायकांना ‘मॅडम’ नाही, काकू, मावशी, आज्जी म्हणायचं. लग्न झालंय का, पगार किती, आईबापाला कोण बघतं, हे प्रश्न पहिल्याच भेटीत येणार. त्याचा राग धरायचा नाही. माणूस कुणाचा कोण, हे कळल्याशिवाय इथे बोलणं पुढे सरकत नाही. आणि सगळ्यात महत्त्वाचं: लग्नाला आलात तर पाहुणे, दहाव्याला आलात तर गावचे.

हे सगळं भाषेशिवाय जमत नाही. हे कळायला लांब जायची गरज नाही, आपल्याच दौंड तालुक्यात पंडिता रमाबाईंचं केडगाव आहे.

पंडिता रमाबाई १८८३ साली इंग्लंडला गेल्या आणि वाँटेजच्या सेंट मेरी मठात राहिल्या. त्या मठाच्या भगिनी पुण्यात काम करत होत्या. ठरलं ते असं, की रमाबाईंनी इंग्रजी शिकायचं आणि भारतात जाणाऱ्या भगिनींना मराठी शिकवायचं. सव्वाशेहून अधिक वर्षांपूर्वी इंग्लंडमधल्या एका लहान गावात मराठीचे धडे चालत होते, कारण मराठी न येता पुण्यात जाऊन काही उपयोग नाही, हे त्या मठाला कळत होतं. आज विमानाचं परतीचं तिकीट खिशात ठेवून येणाऱ्याला ‘नमस्ते’ एवढं पुरेसं का वाटतं?

रमाबाईंकडून आणखी एक गोष्ट घ्यावी. बाप्तिस्मा घेतल्यावरही त्यांनी शाकाहार सोडला नाही. खाण्यापिण्यावरून, आपल्या हिंदू चालीरीतींवरून मठातल्या वडीलधाऱ्या भगिनींशी त्यांचे पत्रांतून कडक वाद झाले. परक्या मुलखात रुळायचं म्हणजे स्वतःला पुसून टाकायचं, हे त्यांना मान्य नव्हतं. पण हे सगळ्यांना झेपत नाही. त्यांच्यासोबत गेलेल्या आनंदीबाई भगत यांनी १८८३ सालीच वाँटेजमध्ये स्वतःचं जीवन संपवलं. त्यामागचं कारण काहीही असो, परक्या मुलखात माणूस किती एकटा पडू शकतो, याची आठवण ठेवायला एवढं एक उदाहरण पुरे. म्हणून नव्या माणसाला सत्कार समिती नको. रात्री-अपरात्री दार वाजवता येईल असं एक घर हवं.

रमाबाईंनी पुढे १८९६-९७च्या दुष्काळात मध्य प्रांतातल्या अनाथ मुली गोळा केल्या. केडगावला मुक्ती मिशन उभं राहिलं आणि परदेशी बायका तिथे मदतीला येऊ लागल्या. त्यांतल्या मिनी एब्रम्स या अमेरिकन बाई केडगावला आल्या १८९८ साली. भारतात मात्र त्या १८८७पासून होत्या. केडगावची जबाबदारी खांद्यावर घेण्याआधी त्यांनी या मुलखात अकरा वर्षं काढली होती. त्यांच्या धर्मप्रसाराबद्दल ज्याला जे म्हणायचं ते म्हणावं. पण त्या तीन आठवड्यांसाठी आल्या नव्हत्या.

आता आपल्याकडून बाहेर गेलेला माणूस बघा. सोलापूरचे डॉ. द्वारकानाथ कोटणीस. जपानने चीनवर आक्रमण केलं, चीनने मदत मागितली आणि १९३८च्या सप्टेंबरमध्ये काँग्रेसने पाच डॉक्टरांचं पथक पाठवलं. त्यात नागपूरचे डॉ. चोळकरही होते. कोटणीस येनानला पोचले. तिथे राहायला डोंगरात कोरलेली घरं, खायला रोजचे राळे. ते चिनी भाषा शिकले. पुढे युद्धाच्या आघाडीवर गेले. १९४१ साली बेथ्यून आंतरराष्ट्रीय शांतता रुग्णालयाचे प्रमुख झाले आणि त्याच वर्षी तिथल्या परिचारिका ग्वो छिंगलान यांच्याशी त्यांनी लग्न केलं. ९ डिसेंबर १९४२ रोजी, वयाच्या अवघ्या ३२व्या वर्षी ते गेले. चीनमध्ये त्यांचे पुतळे आहेत. शस्त्रक्रिया करणारे हात दुसऱ्या डॉक्टरांनाही होते. रोग्याच्या भाषेत त्याला ‘कुठे दुखतंय’ विचारणारा डॉक्टर चिनी लोकांच्या वाट्याला आला, म्हणून कोटणीस त्यांना आपलेसे झाले.

याच्या उलट वाटेने मॅक्सिन बर्नसन आल्या. अमेरिकेतून १९६६ साली त्या फलटणला आल्या, तिथल्या लोकांच्या मराठीचा अभ्यास करायला. वर्षानुवर्षं लोकांचं बोलणं ऐकलं. परदेशी माणसांना मराठी शिकता यावी म्हणून पुस्तकं केली. मग शाळेबाहेर राहिलेल्या दलित मुलांना वाचायला-लिहायला शिकवायला घेतलं आणि त्यातून प्रगत शिक्षण संस्था उभी राहिली. भारताचं नागरिकत्वही घेतलं. क्रम बघा: आधी ऐकणं, मग शिकणं, मग शिकवणं. आजचे हौशी स्वयंसेवक हा क्रम उलटा करतात. आल्या दिवशी शिकवायला उभे राहतात आणि जायच्या दिवशी त्यांना पहिलं मराठी वाक्य येतं.

या घाईची किंमत मुलं मोजतात. नेपाळ आणि कंबोडियात परदेशी हौशी स्वयंसेवकांमुळे अनाथालयांचा धंदा फोफावला. आईबाप हयात असलेली मुलंही तिथे आणून ठेवली गेली. मूल दर पंधरवड्याला एका नव्या ताई-दादाला जीव लावतं आणि दर पंधरवड्याला ते माणूस निघून जातं. युनिसेफने याविरुद्ध वारंवार इशारे दिले आहेत. मुलाला पोटाशी धरलेला फोटो बघून भारावणाऱ्यांनी, तो फोटो काढणारा परतल्यावर त्या मुलाचं काय होतं, तेही विचारावं.

आणि आता स्वतःकडे बघू. परदेशी पाहुण्याला आपण पहिल्या दिवशी खुर्ची देतो. दर हंगामात आपल्याच उसाच्या फडावर बीड-नगरकडून शेकडो माणसं येतात, कोपी घालून राहतात, पहाटे कोयता उचलतात. गुऱ्हाळावर उत्तर प्रदेशातली माणसं चुलवणाच्या आगीशेजारी राबतात. तीही परक्या मुलखात नवखीच आहेत. पाणी कुठून भरायचं, दवाखाना कुठे, रेशन कुठे, पोराला शाळेत कोण घेईल, हेच प्रश्न त्यांनाही पडतात. त्यांना शाल नको, पण त्यांचं नाव तरी आपण विचारतो का? गोऱ्या पाहुण्यासाठी इंग्रजीची उजळणी करणाऱ्या गावाला कोपीतल्या बाईशी दोन शब्द बोलता येत नसतील, तर त्या पाहुणचाराला काडीची किंमत नाही.

आपल्या भागातली मुलंमुलीही आता परदेशी जातात, कुणी शिकायला, कुणी नोकरीला, कुणी सेवेला. त्यांना एवढंच सांगणं आहे. पहिला महिना कुणाला काही शिकवू नका. तिथल्या बाजारात जा, शेजारच्या म्हातारीची पिशवी उचला, तिची भाषा चुकत-माकत बोला. आपला डाळ-भात सोडू नका, पण त्यांचं ताट नाकारू नका. मन खचलं तर घरी फोन करून खरं ते सांगा. ‘मी मजेत आहे’ हे खोटं फार माणसांना महागात पडलं आहे.

आणि गावातल्या शाळांना, ग्रामपंचायतींना, संस्थांना माझी मागणी स्पष्ट आहे. सहा महिन्यांपेक्षा कमी राहणाऱ्या परदेशी स्वयंसेवकाच्या हाती मुलं सोपवू नका. जास्त राहणाऱ्याला सुरुवातीला एका घरात ठेवा, मराठीत बोला, हातात खुरपं द्या आणि बायकांबरोबर खुरपणीला पाठवा. सत्काराचे पैसे वाचतील. त्या पैशांतून येत्या हंगामात फडावर आलेल्या पोरांना वह्या घ्या आणि त्यांची नावं शाळेच्या पटावर घाला.