रेडिओ तांदूळ आणि प्रसिद्धिपत्रकाचे पीक

विद्यापीठीय प्रसिद्धीच्या इतिहासाचे कालखंड पाडायचे झाल्यास अभ्यासकाने थेट तंजावरच्या मुलखात जावे. कारण शिलायुग, ध्वनियुग आणि सत्कारयुग हे तिन्ही थर तेथे एकमेकांपासून काही मैलांच्या अंतरावर सापडतात.

शिलायुगाचा उत्तम नमुना म्हणजे दुसऱ्या सरफोजीराजांनी १८०३ साली बृहदीश्वर मंदिराच्या भिंतीवर कोरवून घेतलेला भोसले घराण्याचा मराठी इतिहास होय. या प्रकारच्या प्रसिद्धीत मजकूर जागेअभावी कापला जाण्याची भीती नव्हती, दुसऱ्या दिवशी खुलासा छापण्याची पाळी येत नव्हती आणि वाचकांच्या पत्रव्यवहाराचा उपद्रवही नव्हता.

ध्वनियुगाचा उदय कुंभकोणमजवळच्या आडुतुरै येथे झाला. तेथील भात संशोधन केंद्र १९२२ सालचे. जपानी ‘नोरिन १०’ आणि देशी ‘जीईबी २४’ यांच्या संकरातून या केंद्राने १९६० च्या दशकात ‘एडीटी २७’ हा वाण दिला, जो कुरुवै, म्हणजे जूनच्या सुमारास सुरू होणाऱ्या अल्पमुदतीच्या हंगामासाठी होता. आकाशवाणीच्या तिरुचिरापल्ली केंद्राने त्याची माहिती इतक्या चिकाटीने सांगितली की शेतकरी त्याला ‘रेडिओ तांदूळ’ म्हणू लागले. या यशाचे मुख्य कारण संशोधकांनी दुर्लक्षू नये: तमिळनाडू कृषी विद्यापीठ १९७१ साली स्थापन व्हायचे होते, त्यामुळे त्याच्या जनसंपर्क अधिकाऱ्याची मंजुरी न घेताच बातमी बांधापर्यंत पोहोचली. रेडिओला आणखी एक खोड होती. तो ऐकूनही घेत असे. १९५६ साली आकाशवाणीच्या पुणे केंद्राने सुमारे दीडशे गावांत चालवलेल्या शेतकरी श्रोतृमंडळांच्या प्रयोगात गावकरी कार्यक्रम ऐकत, त्यावर चर्चा करत आणि आपल्या शंका केंद्राकडे उलट पाठवत.

ही अव्यवस्था सत्कारयुगाने मोडून काढली. कृषी विद्यापीठे आली, त्यांच्यात शिक्षण व संशोधनाच्या जोडीला विस्तार, म्हणजे शेतकऱ्यापर्यंत ज्ञान नेण्याचे काम, हे तिसरे अंग आले, आणि काही काळाने प्रसिद्धिपत्रक नावाचे चौथे अंग इतर तिघांपेक्षा बाळसेदार झाले. या युगातील पत्रकाची रचना कुठल्याही प्रांतात सारखीच आढळते: पहिल्या परिच्छेदात माननीय कुलगुरू, दुसऱ्यात प्रमुख पाहुणे, तिसऱ्यात व्यासपीठावरील मान्यवर ज्येष्ठताक्रमाने, चौथ्यात दीपप्रज्वलन, पाचव्यात आभार, आणि नव्या वाणाचा कालावधी व बियाण्याचे एकरी प्रमाण शेवटच्या ओळीत, जी उपसंपादक जागेअभावी नेमकी कापतो. छापून आलेले कात्रण विभागाच्या फायलीत लागते व त्या फायलींच्या जाडीवरून विभागाचे कार्य मोजले जाते.

एवढे सारे होऊनही एखाद्या भाताला ‘प्रसिद्धिपत्रक तांदूळ’ म्हणण्याची बुद्धी शेतकऱ्यांना झालेली नाही, ही विस्तारकार्यातील गंभीर उणीव होय. तिच्या चौकशीसाठी समिती नेमली गेलीच, तर अहवालाला विलंब लागेल. समितीच्या पहिल्या बैठकीचे पत्रक मात्र सदस्यांच्या छायाचित्रासह त्याच संध्याकाळी निघेल.