पासष्टावी कला

भारतीय परंपरेने कलांची मोजदाद चौसष्टवर थांबवली, याचे एक कारण त्या काळी वस्तू व सेवा कर (जीएसटी) नव्हता हेही असू शकेल. या करव्यवस्थेत व्यापाऱ्याने व्यापाऱ्याला दिलेल्या बिलासाठी शासनमान्य संकेतस्थळाकडून एक क्रमांक मिळवावा लागतो. तो शून्य ते नऊ हे अंक आणि इंग्रजी वर्णमालेतील पहिली सहा अक्षरे यांच्या सरमिसळीतून बनतो, त्याची लांबी नेमकी चौसष्ट असते, आणि तो आपोआप मिळावा म्हणून पेढीवरच्या ‘टॅली’सारख्या हिशेबाच्या सॉफ्टवेअरमध्ये जी सोय बसवली जाते, ती बसवण्याच्या कर्माला पासष्टावी कला म्हणण्यास कोणाची हरकत नसावी. बाकीच्या कलांना एक गुरू पुरतो. या कलेत सीए, टॅलीचा पोरगा आणि ज्याच्या मोबाइलवर ओटीपी जातो तो गृहस्थ, असे तिघे एकाच वेळी फोनवर सापडावे लागतात.

प्रथम परिभाषा. ‘ई-इनव्हॉइस’ या शब्दावरून बिल सरकारच्या संगणकावर तयार होते असा समज होतो, तो खरा नव्हे. बिल पेढीच्याच सॉफ्टवेअरमध्ये बनते. सॉफ्टवेअर त्यातला मजकूर ठरलेल्या साच्यात, म्हणजे माणसाने वाचूच नये अशा बेताने लिहिलेल्या ‘जेसन’ फाइलमध्ये भरून संकेतस्थळाकडे धाडते, आणि संकेतस्थळ तो तपासून वर सांगितलेला क्रमांक व डिजिटल स्वाक्षरीचा क्यूआर कोड परत पाठवते. 1 ऑक्टोबर 2020 रोजी हे बंधन 500 कोटींहून अधिक उलाढालीच्या कंपन्यांवर आले, तेव्हा लहान पेढ्यांनी मोठ्यांची गंमत पाहिली. मर्यादा टप्प्याटप्प्याने उतरत 1 ऑगस्ट 2023 रोजी 5 कोटींवर आली, तेव्हा गंमत पाहणारे बरेच कमी झाले. 2017-18 पासून कोणत्याही एका वर्षी उलाढाल या रेषेपलीकडे गेलेली पुरते, त्यामुळे ज्याचा धंदा नंतर निम्म्यावर आला त्यालाही भरभराटीच्या दिवसांची ही खूण वागवावी लागते. केंद्रीय जीएसटी नियमांतील नियम 48 च्या पाचव्या पोटनियमानुसार, ज्याला हा क्रमांक लागतो ते बिल क्रमांकाविना निघाले तर ते बिलच नव्हे. बँका आणि विमा कंपन्यांना यातून सूट आहे, तशीच ती शासकीय विभागांनाही आहे. रांग लावणाऱ्याने स्वतः रांगेत उभे राहू नये, हा संकेत शाळेतल्या पीटीच्या तासापासून सर्वमान्य आहे.

सोय बसवण्याचे काम विकणाऱ्याच्या मते दोन क्लिकचे असते, आणि तो खोटे बोलत नाही. टॅलीत एफ-अकरा दाबून ई-इनव्हॉइसिंगपुढे ‘येस’ करायचे, लागू तारीख टाकायची, संकेतस्थळावर सॉफ्टवेअरसाठी वेगळे वापरकर्ता-नाव व पासवर्ड तयार करायचा, एवढेच खरोखर त्यात असते. अडचण इतकीच, की हा पासवर्ड तयार होण्यापूर्वी करनोंदणीच्या वेळी दिलेल्या मोबाइलवर ओटीपी जातो, आणि तो मोबाइल पुष्कळदा अशा कर-सल्लागाराच्या हाताखालच्या मुलाचा निघतो, जो मधल्या काळात नोकरी सोडून पुण्याला गेलेला असतो. त्याचा शोध लागेपर्यंत यंत्रयुग पेढीच्या उंबरठ्यावर ताटकळत राहते.

खरी कला यानंतर सुरू होते. इचलकरंजीतील यंत्रमागाच्या कापडाची एखादी मध्यम पेढी उदाहरणादाखल घ्यावी. तिच्या सॉफ्टवेअरमध्ये ग्राहकांची खाती, म्हणजे ज्यांना व्यवहारात ‘पार्टी’ म्हणतात त्यांची लेजर, दिवाणजींनी वीस वर्षे आपल्या स्मरणाच्या सोयीने उघडलेली असतात: ‘अण्णा निपाणी’, ‘अण्णा निपाणी नवीन’, ‘अण्णा निपाणी नवीन (जावई)’. पत्त्याच्या रकान्यात ‘बस स्टँडमागे’ असते, पिनकोडच्या रकान्यात सहा शून्ये असतात, कारण कधीतरी सॉफ्टवेअरने रकाना रिकामा सोडू दिला नव्हता. माल मात्र वीस वर्षे बिनचूक पोहोचलेला असतो, कारण पत्ता दिवाणजींना पाठ आणि जावई टेम्पोवाल्याच्या ओळखीचा. संकेतस्थळाला यातले काहीच ठाऊक नसल्यामुळे ते पंधरा अक्षरी जीएसटी क्रमांक, खरा पिनकोड आणि त्या पिनकोडचे राज्य यांचा मेळ मागते. जीएसटी क्रमांकाचे पहिले दोन अंक राज्याचे असतात. महाराष्ट्राचे 27, कर्नाटकाचे 29. दिवाणजींनी कर्नाटकातली निपाणी मनोमन महाराष्ट्रातच धरलेली असल्याने अण्णांच्या लेजरला राज्य महाराष्ट्र लागलेले असते, आणि सॉफ्टवेअर त्यावर केंद्राचा व राज्याचा कर निम्मा-निम्मा आकारते, जेथे आंतरराज्य कर हवा. संकेतस्थळ असे बिल परत धाडते. सीमाभागाविषयीचा महाराष्ट्राचा दावा सर्वोच्च न्यायालयात 2004 पासून चालू आहे. या खिडकीत त्याचा निकाल तीन सेकंदांत लागतो, आणि दिवाणजींनी त्याविरुद्ध दाद मागायची ती टॅलीच्या पोराकडे.

मालाच्या बाबतीत हाच प्रसंग अधिक सूक्ष्म रूपाने येतो. पेढीच्या भाषेत माल म्हणजे ‘पॉपलीन ग्रे’, आणि तो मोजला जातो ताग्यांत. शासनाच्या भाषेत मालाला एचएसएन, म्हणजे जागतिक सीमाशुल्क व्यवहारातून आलेला वर्गीकरणाचा अंक लागतो, आणि 5 कोटींवरच्या पेढीला तो सहा आकडी द्यावा लागतो. सुती, साध्या विणीचे, ब्लीच न केलेले कापड प्रति चौरस मीटर 100 ग्रॅमपर्यंत असेल तर 520811, त्याहून थोडे जड असेल तर 520812. कर दोहोंवर सारखाच, पण अंक वेगळा. पिढ्यान्पिढ्या बोटांनी कापडाचा पोत ओळखणाऱ्या घराण्यात या निमित्ताने प्रथमच कापड तराजूत घातले जाते. एककांची यादीही ठरलेली आहे. तीत नग, डझन, मीटर, गाठ आहेत, बारा डझनांचा ग्रोस आहे, आणि अशा बारा ग्रोसांचा, म्हणजे 1,728 नगांचा ‘ग्रेट ग्रोस’देखील आहे, तागा मात्र नाही. ज्यांना यादीत जागा नाही त्यांच्यासाठी ‘इतर’ असे एक दयाळू एकक ठेवलेले आहे, आणि देशातील पुष्कळसा माल कोणत्या मापाने मोजला जातो याचा अभ्यास पुढे कोणी केला, तर त्याला तो ‘इतर’ या मापाने मोजला जातो असे निष्पन्न करता येईल.

चौसष्ट अक्षरे कशातून निघतात, हे येथे सांगणे आवश्यक आहे. विक्रेत्याचा जीएसटी क्रमांक, आर्थिक वर्ष, दस्तऐवजाचा प्रकार आणि बिल नंबर, एवढ्यांवरच गणिती प्रक्रिया होते. ग्राहक, माल आणि रक्कम यांना तीत स्थान नाही. साहजिकच चुकून जावयाच्या नावाने गेलेले बिल सासऱ्याच्या नावाने दुरुस्त करून त्याच नंबराने पुन्हा पाठवले, की क्रमांक तोच निघतो आणि पडद्यावर 2150 ही त्रुटी उमटते, जिचा अर्थ ‘हा क्रमांक आधीच दिलेला आहे’ असा आहे. दुरुस्तीची सोय संकेतस्थळावर नाही. बिल रद्द करता येते, पण चोवीस तासांत, आणि रद्द झालेला नंबर पुन्हा वापरता येत नाही. चोवीस तास उलटले तर क्रेडिट नोट काढावी लागते, जिच्यासाठी पुन्हा चौसष्ट अक्षरे. मागच्या तारखेचे बिल फाडण्याची जुनी कलाही यामुळे धोक्यात आली, कारण क्रमांकाबरोबर तो मिळाल्याची वेळही नोंदली जाते. 1 एप्रिल 2025 पासून 10 कोटींवरच्या पेढ्यांना बिलाच्या तारखेपासून तीस दिवसांत नोंदणी करणे बंधनकारक झाले. शासनाने ही मर्यादा म्हणून लिहिली आणि बाजाराने ती सवलत म्हणून वाचली.

सोय एकदाची चालू झाल्यावर कागद कमी होणे अपेक्षित होते, आणि कायद्याने त्याचीही तजवीज केलेली आहे. मूळ प्रत ग्राहकाला, दुसरी वाहतूकदाराला, तिसरी विक्रेत्याला, ही तीन प्रतींची सक्ती अशा बिलांना लागू नाही. पेढीवर तरीही तीन प्रती निघतात, कारण टेम्पोवाला मागतो, अण्णा मागतात, आणि शेठना फाइल जाड दिसल्याशिवाय महिना संपल्यासारखा वाटत नाही. शिवाय चौसष्ट अक्षरी क्रमांकांचे एक रजिस्टर हाताने लिहिले जाऊ लागते, ज्यात पहिली चार आणि शेवटची चार अक्षरे घेऊन मध्ये रेघ मारण्याचा सोयीस्कर प्रघात पडतो.

दिवाळीत दिवाणजींच्या पगारवाढीचा विषय निघतो तेव्हा शेठ त्यांना सांगतात, की दिवाणजी, आता बिलाचे सगळे काम मशीनच करते. पाडव्याच्या मुहूर्तावर ‘टॅली येणारा मुलगा पाहिजे’ अशी पाटी लागते, मुलगा येतो, लेजरची यादी उघडतो आणि पहिल्याच दिवशी विचारतो, की अण्णा निपाणी आणि अण्णा निपाणी नवीन यांतले चालू खाते कोणते. दिवाणजी तेव्हा जेवायला गेलेले असतात.