दाब, धर, सोड

पुण्यात गाडीखाली आडवं होणं ही खासगी बाब राहत नाही. दुसऱ्या शहरात लोक थांबून विचारतात, काय झालं? पुण्यात विचारत नाहीत, सांगतात. यात लोकांचा दोष नाही. पिंपरीत टेल्को, आकुर्डीत बजाज आणि वेताळ टेकडीवर वाहनं तपासणारी एआरएआय, तीही 1966 पासूनची संस्था. त्यामुळे कोथरूडमधल्या कुठल्याही इमारतीवर दगड मारला तर तो एखाद्या निवृत्त वाहन अभियंत्याला लागतो, आणि दगडाचं माप कुठे चुकलं हे तो लगेच सांगतो.

आमच्या इमारतीतले असे काका दुसऱ्या मजल्यावर राहतात आणि पार्किंगमध्ये वास्तव्य करतात.

माझी गाडी जुनी सुमो. टेल्कोच्या सुमंत मूळगावकरांच्या इंग्रजी नाव-आडनावातली दोन-दोन अक्षरं उचलून 1994 साली हिचं बारसं झालं, आणि 2019 मध्ये हिची वंशवेल थांबली. क्लचचं पेडल हळूहळू खाली जायला लागलं, रिव्हर्स टाकताना गिअरबॉक्स किंचाळायला लागला, त्यात नवल काहीच नव्हतं. वय झालं होतं आणि लक्ष्मी रोड रोजचा होता. लक्ष्मी रोडवर आपण क्लच चालवतो. गाडी मधूनमधून पुढे सरकते, तो योगायोग.

हायड्रॉलिक क्लचचं तत्त्व सोपं आहे. वायर नाही. पेडल दाबलं की वरचं मास्टर सिलिंडर ब्रेक ऑइल पाइपात ढकलतं, ते ऑइल गिअरबॉक्सवरच्या स्लेव्ह सिलिंडरचा दट्ट्या पुढे सारतं, दट्ट्या दांडीला, दांडी फोर्कला, आणि क्लच प्लेट सुटते. द्रव दाबून लहान होत नाही आणि दाब सगळीकडे सारखा पोचवतो, हे फ्रान्समधल्या पास्कलनं सतराव्या शतकात लिहून ठेवलं. पास्कल 39 व्या वर्षी गेला. बायकोला पेडलवर बसवून गाडीखाली शिरण्याची वेळ त्याच्यावर कधी आली नाही, म्हणून त्याचा सिद्धांत इतका स्वच्छ आहे.

दोन्ही सिलिंडरांच्या रबरांनी राम म्हटला होता. खालच्याचं रबरी टोपण उचललं तर आतून ऑइल ठिबकलं. वरच्याचं ऑइल पेडलच्या दांडीवरून ओघळून मॅटखाली साचलं होतं. अशा वेळी एकच बदलून भागत नाही. नव्याचा जोर जुन्याला सोसत नाही आणि महिन्याभरात पुन्हा तोच कार्यक्रम. म्हणून जुने भाग पिशवीत घालून नाना पेठ गाठली. तिथल्या काउंटरवर गाडीचं नाव सांगून भागत नाही. साल, मॉडेल, इंजिन सांगावं लागतं, आणि शेवटी दुकानदार म्हणतो, "जुनं आणलंय ना? दाखवा." मग, "नुसतं किट देऊ की पूर्ण सिलिंडर?" मी पूर्ण घेतलं. आतला घासलेला लोखंडी भाग तसाच ठेवून नुसतं रबर बदलणं हे सोसायटीचा चेअरमन बदलण्यासारखं आहे.

खालचं सिलिंडर बदलणं सभ्य काम आहे: जॅक, स्टँड, चाकांना विटा, दोन बोल्ट. वरच्याची तऱ्हा निराळी. पेडल आणि दांडी जोडणारी पिन डॅशबोर्डखाली, अशा जागी, की तिथे पोचायला डोकं ब्रेक पेडलपाशी, पाठ दाराच्या उंबऱ्यावर आणि दोन्ही पाय पार्किंगमध्ये ठेवावे लागतात. टॉर्च दातांत. पिनेची बारीक क्लिप पकडीत आली की निसटते आणि नेमकी डोळ्यावर पडते. बाहेरून दिसतात ते फक्त पाय. पायांना पाहून लोक गप्पा मारत नाहीत असं तुम्हाला वाटत असेल, तर तुम्ही पुण्याचे नाही.

"ऑइल डॉट तीन की चार?" काकांनी माझ्या डाव्या पायाला विचारलं.

"झाकणावर लिहिलंय तेच."

"नाही, मी म्हणतो, पावसाळ्यात उघडी बाटली ठेवू नकोस. हवेतली ओल शोषतं ते. मूळगावकरसाहेबांच्या वेळी..."

काका बरोबर होते. हे ऑइल खरंच ओल पितं, आणि बॉनेटवर सांडलं तर रंगही खातं. लगेच भरपूर पाण्यानं धुवावं लागतं. बरोबर असणारी माणसं जास्त वेळ थांबतात, हीच अडचण.

आता एअर काढणं. सुटे भाग पैशानं मिळतात, पाने शेजारी देतात, पण लाइनमधली हवा काढायला लागतो एक आज्ञाधारक पाय. वरचा माणूस पेडल पंप करून दाबून धरतो. खालचा ब्लीडरची निप्पल अर्धा आटा सैल करतो, बुडबुडे बाहेर येतात, निप्पल आवळतो, आणि मगच वरच्यानं पाय सोडायचा. आधी सोडला की निघालेली हवा परत आत. निप्पलला मी सलाइनची नळी लावली होती, दुसरं टोक बाटलीतल्या ऑइलमध्ये बुडवलेलं.

काकांना म्हटलं, बसता का पेडलवर? काकांचा गुडघा त्याच क्षणी दुखायला लागला. मग ही आली.

"दाब."

"किती?"

"पूर्ण."

"पूर्ण म्हणजे? खाली लागेपर्यंत?"

"हो! धर. धरलंस?"

"धरलंय. अहो, आईंचा फोन आहे."

नळीतून बुडबुड्यांची माळ सुरेख निघाली होती. फोनबरोबर पाय उठला आणि माळ डोळ्यांदेखत उलटी आत गेली. पुढच्या खेपेला तिनं मी "सोड" म्हणायच्या आत सोडलं, कारण "तुम्ही काहीतरी बोललात". मी काही बोललो नव्हतो. बोलले होते काका. ते सांगत होते, आधी मास्टर सिलिंडरच्या डबीतलं ऑइल बघा, ती रिकामी झाली तर वरून हवा शिरेल. हेही बरोबर होतं.

शेवटी तीच म्हणाली, "तुम्ही बसा वर. मी जाते खाली. एक नट सैल करून आवळायचाय ना?" जुना ड्रेस घालून, ओढणी खोचून ती सरळ गाडीखाली गेली. मी पेडलवर. "दाबा." दाबलं. "धरा." धरलं. मी वरून म्हटलं, अगं, नळीचं टोक ऑइलमध्ये बुडलेलंच राहू दे, पाना घट्ट बसव, आटा मारू नकोस... खालून शांत आवाज आला, "अहो, फक्त पाय."

काका खो खो हसले आणि गुडघा विसरून खाली वाकले, नळी बघायला. बुडबुडे संपले, स्वच्छ ऑइल आलं, पेडल टणक झालं. गिअर आवाज न करता पडला.

हायड्रॉलिक क्लचवाल्या वाचकांना एवढंच सांगणं: ऑइल दर दोन वर्षांनी बदला, बाटली सीलबंदच घ्या, डबीवर लक्ष ठेवा. आणि गाडीखाली कोण जाणार हे घरात आधीच ठरवून टाका. ज्याला गप्प बसता येत नाही, तो पेडलवर नको. त्याला नाना पेठेत पाठवा.